समुद्रातला प्लॉट

दूरच्या बेटांवरचे प्लॉट मी धाराशिवात बसून विकत होतो. समुद्र मी स्वतः कधी पाहिला नव्हता. गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा माकणीच्या चुलत्यांना धरलं. मूलबाळ नाही, काकू वारलेल्या, तीन एकर काळं रान. भावकीतल्या पोरांनी पुण्यात फ्लॅट घेतले, हे त्यांना खुपत होतं. बेटाचं नाव काढताच म्हातारा खुलला.

"विमानतळ होणार, हॉटेलं होणार. भाव कुठल्या कुठं जाईल," मी सांगितलं.

"ते ऱ्हाऊ दे. माती दाखव," ते म्हणाले.

जिभेला माती लावून बघितल्याशिवाय जमीन घेणारा माणूस तो नव्हे. पुढच्या खेपेला मी त्यांच्याच बांधावरची मूठभर माती पिशवीत घालून नेली आणि बेटावरून विमानानं आली म्हणून सांगितलं. त्यांनी ती चोळली, हुंगली, चाखली. "असली माती आपल्या शिवारात न्हाय रं," म्हणाले. मला हसू आवरेना. आजही आवरत नाही, आणि त्याची लाज वाटते.

रान विकायचं ठरलं. त्यांची अट एकच होती. आम्ही लिंगायत, मेलेल्या माणसाला बसवून पुरतो, आणि शक्यतो स्वतःच्याच रानात. काकूंची समाधी वरच्या कोपऱ्यात होती. शेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी राखली होती.

"तेवढा तुकडा खरेदीखतात वगळून घे," त्यांनी बजावलं.

घेणाऱ्याला सलग जमीन हवी होती. व्यवहार फिसकटेल म्हणून मी खरेदीखतात त्या तुकड्याचा उल्लेखच येऊ दिला नाही. काकांना चांगलं वाचता यायचं. पण पुतण्यानं करून घेतलेला कागद वाचायचा कशाला, म्हणून त्यांनी सरळ सही ठोकली.

त्या बेटावर बाहेरच्या माणसाला जमीनच घेता येत नाही, हे वर्षभरात उघड झालं. काकांनी गावात कुणाला कळू दिलं नाही. हसं झालं असतं. नव्या मालकानं जेसीबी लावून रान सपाट केलं, तेव्हा मात्र ते एसटीनं माझ्या दारात आले.

"प्लॉट गेला तर जाऊ दे. मला कुठं बसवणार, तेवढं सांग."

"बघू की काका. तुम्हाला एवढी घाई कशाची?" मी म्हणालो आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.

चहा न पिताच ते उठले. महिन्याभरात वारले. मालकानं रानात पाऊल ठेवू दिलं नाही. शेवटी त्यांना डांबरी रस्त्याकडेच्या गायरानात बसवलं. सगळं मीच केलं, पुढं होऊन. पुतण्यानं पोटच्या पोरासारखं केलं, असं गावातली माणसं म्हणाली. मी ते ऐकून घेतलं.