वळूची काच, बैलाची काच

शिरपूरच्या आसपास चाळीस वर्षं बैल बडवण्याचं काम चुडामण आबांकडे होतं. गोऱ्हा तीन वर्षांचा झाला की त्याला आडवा पाडायचा, चारही पाय बांधायचे आणि अंडांवरच्या नसा दोन लाकडी दांड्यांत धरून ठेचायच्या. मग त्याचा माज उतरतो आणि तो औताला चालतो. १९४४ साली मी सरकारी गुरांच्या दवाखान्यात लागलो आणि हेच काम लोखंडी चिमट्याने, कातडी न फाडता करू लागलो. तेव्हापासून आबा मला बाजारात गाठून चारचौघांत म्हणायचे, "डाक्तर, तुमना चिमटा सुपारी फोडाले बेस शे!"

दोन वर्षांनी, माघातल्या एका दुपारी ते दवाखान्यात आले. बरोबर जनावर नव्हतं, फक्त बायको भिकुबाई होती. आबांनी दार स्वतःच लोटून घेतलं. बाकावर बसा म्हटलं तरी बसेनात. कमरेत कळ येत होती.

लघवी तुंबली म्हणून ते धुळ्याला जाऊन आले होते. तिथल्या सर्जननी नळी घालून लघवी मोकळी केली आणि बोटाने तपासलं. मूत्राशयाच्या तोंडाशी जी ग्रंथी असते, प्रोस्टेट, ती दगडासारखी घट्ट लागली. वाईट गाठ होती, आणि ती मणक्यांत उतरली होती. ती कापून काढण्यापलीकडे गेली होती. दोन्ही अंडं काढली तर दुखणं कमी होईल, असा पाच वर्षांपूर्वी परदेशात निघालेला उपाय सर्जननी सांगितला होता.

"मी हजार बैल बडवेल शेत," आबा हळू आवाजात म्हणाले. "आते तठे दवाखानामा निजसू तं बठ्ठा गावले कळी. तुम्हीच करी द्या ना. तुमना चिमटा लाईसन."

मला आधी ते थट्टा करताहेत असं वाटलं. पण त्यांची नजर टेबलावरच्या चिमट्यावर होती.

"आबा, तो चिमटा जनावराचा आहे. माणसाला लावला तर जीव जाईल तुमचा."

"रगत नही, काप नही, तुम्हीच सांगतस ना लोकेसले?"

तेच शब्द मी गावोगाव सांगत फिरलो होतो. कॉलेजात तयार केलेल्या दोन काचा पेटीत होत्या, त्या मी काढल्या आणि सूक्ष्मदर्शक खिडकीशी ठेवला. पहिल्या काचेवर वळूच्या याच ग्रंथीचा पातळ काप होता. पोकळ्यांच्या कडेने उंच पेशी दाटीने उभ्या, रसाने भरलेल्या. दुसरी बडवलेल्या बैलाची. अंडांतून रक्तात येणारं हार्मोन बंद झालं की त्याच पेशी बसक्या होतात, पोकळ्या आक्रसतात आणि मधले धागे दाट होतात.

आबा कमरेवर हात ठेवून वाकले. बराच वेळ पाहत राहिले.

"एकमा दाना भरेल शे. दुसरामा चिमी गया."

"बरोबर."

"मंग हाऊ आजार बी चिमी जाई?"

"बहुतेक."

"बहुतेक!" त्यांनी मान वर केली. "तुम्ही चिमटा लावतस तवय बहुतेक म्हनतस का?" मग म्हणाले, "मंग एकच काढा म्हना. एक ऱ्हाऊ द्या."

मी तोंड उघडण्याआधी त्यांनीच मान हलवली. एका बाजूची नस नीट न ठेचलेला गोऱ्हा पुन्हा माजतो आणि शेतकरी तो शिव्या देत परत आणतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"बैलले कधी इचारं का तुम्ही?" भिकुबाई म्हणाल्या. "तुमले तं डाक्तर इचारस. चला."

धुळ्याला मीही गेलो. चिमट्याबद्दल मी जे सांगत फिरलो होतो त्यावर या माणसाने विश्वास ठेवला होता, त्याला एकटं सोडवेना. तो आता रस्त्यातून परत फिरेल, ही धास्ती मला शेवटपर्यंत होती. ते फिरले नाहीत. ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर अंगठा देताना फक्त एकदा दाराकडे पाहिलं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी पाहतो तर आबा पाठीवर निजले होते. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांना पाठ टेकता आली नव्हती.

"भाऊ, बडवेल बैल किती वरीस जगस?"

"बारा-पंधरा तरी."

"अन् मानूस?"

सर्जननी मला या उपायावरचं डॉक्टरी मासिक दाखवलं होतं. त्यातल्या जुन्यात जुन्या रोग्यांच्या ऑपरेशनलाही चार-पाच वर्षंच झाली होती, आणि काहींची गाठ पुन्हा वाढली होती. का, ते लिहिलेलं नव्हतं. खोटं सांगायला माझी जीभ उचलेना.

"माहीत नाही, आबा. अजून कोणालाच माहीत नाही."

भिकुबाईंनी पदर तोंडाला लावला.

"मंग उठाडा माले," ते म्हणाले. "पडी ऱ्हाईसन काय करू?"

खाटेचा दांडा धरून ते उभे राहिले. भिकुबाईंनी त्यांच्या पाठीमागे हात धरला होता, पण टेकवला नव्हता.