बारा माणसांची फुंक

‘फरक’ हा शब्द माझ्या साडूंइतका जपून वापरणारा माणूस अख्ख्या नागपुरात नव्हता. ते कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत, आणि घरी आल्यावरही ते शिकवणे थांबत नसे. एकदा आमच्याकडे जेवताना माझ्या बायकोने सहज विचारले, "भाऊजी, वरण माझं चांगलं की ताईचं?" त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "दोन्ही वरणं त्याच माणसांनी खाल्ली की वेगवेगळ्या? त्याच माणसांनी खाल्ली असतील तर एकेका माणसाचा फरक काढायचा. वेगळी असतील तर सरासरीशी सरासरी ताडायची. आधी कसोटी ठरवा, मग वाढा." वरण निवून गेले. ताई म्हणाल्या, "मला होकार द्यायला यांना दीड वर्ष लागलं. तुलनेला दुसरी मुलगी मागत होते."

पक्षपाताची त्यांना भारी धास्ती. परीक्षेचे पेपर असोत की दवाखान्याचे तक्ते, हाती आले की ते आधी कात्रीने नावे कापून टाकत. "नाव दिसलं की दया येते, दया आली की आकडा वाकतो." मी स्वतः हिशेबी माणूस, मला हे फार पटे.

सत्तरच्या दशकात एका सूतगिरणीच्या पिंजणखात्यातले बारा कामगार खोकून बेजार झाले होते. कापसाच्या धुळीने दम जातो असे सिद्ध झाले, तर मालक धूळ ओढणारे पंखे बसवणार होता. डॉक्टरांनी प्रत्येकाला कामाआधी आणि कामानंतर नळीत फुंकायला लावले, आणि फुंकेचा जोर आकड्यात लिहिलेल्या चोवीस चिठ्ठ्या साडूंकडे पाठवल्या. साडूंनी सवयीने नावे कापली. सकाळच्या बारा एकीकडे, संध्याकाळच्या बारा दुसरीकडे. कोणती कोणाची हे कायमचे गेले. मग त्यांनी दोन वेगळ्या गटांची कसोटी लावली. मुळात कोणी धिप्पाड, कोणी काटकुळा. त्या कमीजास्तीत प्रत्येकाची दिवसभराची घट बुडून गेली. शेजारी बसून बेरजा मी तपासल्या होत्या. माझ्याही ध्यानात आले नाही. ‘फरक सिद्ध होत नाही’ असा अहवाल गेला आणि पंखे आले नाहीत.

महिन्याभराने त्यांतल्या एका कामगाराची बायको साडूंच्या दारात उभी राहिली.

"साहेब, माहा नवरा सकाळी सायकलवर बसून जाते अन् संध्याकाळी सायकल ढकलत येते. तुमी म्हणता फरक नाही. कोणाशी मोजलं जी त्याले?"

"सगळ्यांशी," साडू म्हणाले.

"सगळ्यांशी काहून? त्याले त्याच्याशीच मोजा न!"

साडू पायरीवरच बसले. त्यांचा चेहरा पाहून ती बाई घाबरली आणि पाणी मागू लागली, त्यांच्यासाठी.

पुन्हा मोजणी करा म्हणून ते मालकाकडे खेटे घालत राहिले. ती व्हायला आठ महिने लागले. तोवर तिचा नवरा गेला होता. उरलेल्या अकरा जणांच्या प्रत्येकी सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांच्या जोड्या लावल्या, आणि फरक इतका उघड निघाला की कसोटीची गरजच नव्हती. पंखे बसले. आम्ही दोघे तिला सांगायला गेलो. तिने तक्ता हातात घेऊन विचारले, "याच्यात माह्या माणसाचा आकडा कोणता जी?"

"तो यात नाही," साडू म्हणाले. "दुसऱ्या वेळेला फुंकायला तो नव्हता."

त्यानंतर कॉलेज सुटले की ते कित्येकदा गिरणीच्या फाटकाशी उभे दिसत. हातात कागद नसे, पेन्सिल नसे. एकदा मी थांबून विचारले, इथे काय मोजता?

"मोजत नाही काही," ते म्हणाले. "आज कोण आलं नाही, तेवढं बघतो."