नवनीतने काढलेला पासवर्ड

"नवनीत, तू खरंच कॉम्प्युटरवाला आहेस की नुसता पाटीवरच, ते एकदा येऊन दाखव." चारुलताबाईंनी अशी चिठ्ठी धाडली, कारण खांडबाऱ्यात त्या चालवत असलेल्या अभ्यासिकेतल्या जुन्या विंडोज एक्सपीवाल्या लॅपटॉपना वायफाय लागत नव्हतं, आणि मुलींची ऑनलाइन चाचणी दुसऱ्या दिवशी होती.

नवनीत आला, चहा ढोसला, कीबोर्डवर फुंकर मारली आणि छाती फुगवून म्हणाला, "मावशी, लॅपटॉप जुना शे, त्याले पासवर्ड समजत नही. मी वायफायना पासवर्डच काढी टाका!"

लॅपटॉपना वायफाय लागलं खरं, पण दुसऱ्या दिवशी बाजार होता. भाजीवाल्यांपासून जीपवाल्यांपर्यंत सगळे अभ्यासिकेच्या ओट्यावर बसून फुकटात रील बघू लागले, आणि आत मुलींच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. शेवटी चाचणी बापांच्या मोबाइलवर उरकावी लागली.

"शहाण्या, दार उघडेना म्हणून भिंत पाडलीस?" बाई कडाडल्या. लॅपटॉपमध्ये नवी सिस्टिम टाकायची म्हणून त्यांनी त्याला पेनड्राइव्ह दिला. नंदुरबारहून भरून आणायचा होता.

"उद्याच भरीसन लयी येस, मावशी."

तो पेनड्राइव्ह अजून त्याच्या मोटरसायकलच्या किल्लीला लटकतोय, रिकामाच.