अठ्ठावन्नाव्या वर्षी बाबांनी घेतलेली गाडी

आमच्याकडे वाडीत मोटार आली की कोणीतरी आजारी आहे किंवा कोणाचं तरी लग्न आहे, असं समजायचं. त्या दिवशी आमच्या घरात यातलं काहीच नव्हतं. मी आणि आई पडवीत बसून फणसाच्या उकडलेल्या आठळ्या सोलत होतो. बाबा आदल्या दिवशी कोल्हापूरला गेले होते, पेन्शनच्या कामासाठी. निदान आम्हाला तरी त्यांनी तसंच सांगितलं होतं.

हॉर्न वाजला. माडांच्या मधून एक लांबलचक, बुटकी, तांबडीभडक मोटार आली आणि आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उभी राहिली. पुढे चार दिवे, काचा धुरकट. असली गाडी मी फक्त मासिकातल्या जाहिरातीत पाहिली होती.

"कोणाचा तरी कायतरी झाला गो," असं म्हणत आई उठली.

चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं आणि त्यातून बाबा उतरले.

माझे बाबा म्हणजे आचऱ्याच्या शाळेतले हेडमास्तर. आयुष्यभर सायकल. धोतर सोडून पॅन्ट घातली तीही सरकारी कामात बरं पडतं म्हणून. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना मागचा दिवा बंद केल्याशिवाय ते पुढचा लावत नसत. त्या माणसाच्या हातात मी गाडीची किल्ली पाहिली.

"ही कोणाची?" आईने विचारलं.

"आपली."

"आपली म्हणजे कोणाची?"

"माझी. तुझी. हिची," माझ्याकडे बोट दाखवत बाबा म्हणाले.

"आणि तुमका चलवूक येता?"

"कसालाक शिकलंय. शनवारी शनवारी."

नोकरीच्या शेवटच्या वर्षात दर शनिवारी ते शिक्षकांच्या मीटिंगला म्हणून कसालला जायचे. आई त्यांना पोळीभाजी बांधून द्यायची. हायवेवरच्या एका ट्रक ड्रायव्हरकडून ते गाडी शिकत होते आणि घरी येऊन मीटिंगमध्ये काय ठरलं तेही सांगत होते. फोंडा घाट ते एकटे उतरून आले होते.

पैसे कुठले, हे विचारायची गरज नव्हती. निवृत्त झाल्यावर फंड मिळाला होता आणि त्याचं काय करायचं ते आईने कधीच ठरवून टाकलं होतं: घरावर नवी कौलं, मागच्या विहिरीवर पंप, आणि माझं लग्न. आई आत गेली. भिंतीला टेकून बसलेलं मी तिला पाहिलं. रडत नव्हती. एखादा जवळचा माणूस गेल्याची बातमी आल्यावर माणसं बसतात, तशी बसली होती.

मीही हादरले होते, पण माझं हादरणं निराळं होतं. मला वाटत होतं, ज्या माणसाच्या घरात मी बावीस वर्षं राहिले त्याला मी ओळखतच नाही.

त्यानंतर आईने बाबांशी बोलणं टाकलं. "जेवण वाढलंय म्हणून सांग तुझ्या बापाशीक," असा निरोप माझ्यामार्फत जायचा. बाबा ताटावर यायचे, मुकाट जेवायचे आणि बाहेर जाऊन गाडी पुसायचे. गावातली माणसं येऊन बघून जायची. तोंडावर सगळे "छान, छान" म्हणत. पण बाजारात मी माझ्या कानांनी ऐकलं, "मास्तरांनी रात्रीचो माल उतरवल्यानी काय रे?" त्या काळात किनाऱ्यावर चोरटं सोनं उतरतं अशा गोष्टी घरोघरी चालायच्या. कोणाकडे नवा टेप आला तरी लोक समुद्राकडे बघायचे. पण आमच्या बाबांबद्दल असं कोणी बोलेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी मासळी न घेताच घरी आले.

आणि मग एका सकाळी खळ्यात जीप येऊन थांबली. कस्टमचे साहेब होते, सोबत दोन शिपाई. साहेब तिशीतले, बोलायला सौम्य. बाबांनी त्यांना खुर्ची दिली.

"मास्तर, राग मानू नका," साहेब म्हणाले, "गावातूनच खबर आली म्हणून यावं लागलं."

'गावातूनच' हा शब्द ऐकून बाबांचा चेहरा उतरला. त्या गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी बाराखडी शिकवली होती.

त्यांनी गाडीची पावती दाखवली. साहेबांनी ती वाचली, परत दिली, तरी उठले नाहीत.

"हे ठीक आहे हो. पण मला जरा समजावून सांगा. अशी गाडी घेणारी माणसं मी मुंबईत पाहिली आहेत. बिल्डर, मोठे डॉक्टर, वडिलांच्या कारखान्यात बसलेली तरुण मुलं. पस्तिशी-चाळिशीच्या पुढचं कोणी दिसत नाही. तुमच्या वयाची, तुमच्या पगाराची माणसं अशी गाडी घेत नाहीत. घेतलीच तर साधी, चार माणसं आणि नारळाचं पोतं मावेल अशी घेतात. ही तर पळवायची गाडी आहे."

"माझं वय अठ्ठावन्न," बाबा म्हणाले. "पगार आता नाही. पेन्शन आहे." ते ऑफिसातल्या मराठीत बोलत होते. "मला हवी होती म्हणून घेतली."

"बस? एवढंच?"

वर्गात कोणाला उत्तर येत नसलं की मुलं उभी राहतात, तसे बाबा स्वतःच्याच पडवीत उभे होते. ते मला बघवेना.

तेवढ्यात आई बाहेर आली. हात ओले, पदर खोचलेला.

"ओ साहेब, हवी होती म्हणून सांगतत ना ते? मगे आणखी काय सांगूचा?" ती म्हणाली. "आयुष्यभर लोकांच्या पोरांका शिकवल्यानी. स्वतःसाठी एक चप्पल धड घेतल्यानी नाय. आता एक वस्तू घेतली तर तेचोय जाब देवचो? गाडी आमची आसा. आमका दोघांका होयी होती."

मी तिच्याकडे बघतच राहिले. बाबाही. साहेबांनी नमस्कार केला, चहा घेतला आणि गेले. पुन्हा कधी आले नाहीत.

जीप दिसेनाशी झाल्यावर आईने हात पुसले आणि, गाडी आल्यापासून पहिल्यांदाच, थेट बाबांना विचारलं, "कुडाळाक जावया? बहिणीक भेटून येवया."

तिने लग्नातली जांभळी साडी नेसली. गाडीत बसताना चप्पल काढून हातात घेतली, देवळात शिरताना काढतात तशी. मी मागे बसले. मालवण मागे टाकून कसालला हायवेला लागेपर्यंत बाबा बैलगाडी हाकावी तसे चालवत होते. मग रस्ता सरळ झाला. बाबांनी एकदा आरशात माझ्याकडे पाहिलं आणि गाडी सुसाट सोडली.

मी आयुष्यात एवढ्या वेगाने कधी गेले नव्हते. शेतं, दुकानं, उभी असलेली एस.टी., सगळं एका पट्ट्यासारखं मागे सरकत होतं. "बाबा, सावकाश!" मी ओरडले.

"आयुष्यभर पोरांका धावू नको, धावू नको म्हणून सांगलंय," ते समोर बघत म्हणाले. "माका एकदा जोरात जावचा होता."

आईने डोळे गच्च मिटले होते. मला वाटलं, आता ती ओरडणार. पण तिने एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि ती हसायला लागली. माझी आई तोंडावर पदर घेऊन हसणारी बाई. त्या दिवशी ती तोंड उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला त्या वेगाचा धक्का बसला नाही एवढा त्या हसण्याचा बसला.

कौलं त्या वर्षी बदलली नाहीत. पावसाळ्यात स्वयंपाकघरात तीन ठिकाणी भांडी ठेवावी लागली आणि प्रत्येक भांडं ठेवताना आई बाबांना दोन शब्द ऐकवायची. माझं लग्न पुढच्या वर्षी झालं, देवळाच्या मांडवात, थोडक्यात. सासरची माणसं गाडी बघून आधी बिचकली होती. आपण भलत्याच मोठ्या घरात सोयरीक करतोय असं त्यांना वाटलं. आमच्या घरी जेवून गेल्यावर त्यांची भीती गेली.

खाऱ्या वाऱ्याने गाडीच्या दारांना खालून गंज धरला. पुढे बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांनी स्वतःच ती विकायचं ठरवलं. सावंतवाडीचा एक कंत्राटदार येऊन घेऊन गेला. बाबा शांत होते. त्याच्याशी इंजिनाबद्दल गप्पा मारत होते. मी माहेरी आले होते ती बाबांची समजूत काढायला, पण समजूत काढावी लागली ती आईची. ती दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ताट पुढे सरकवत बाबा तिला म्हणाले, "डोळ्यांचा ऑपरेशन होवंदे. मगे दुसरी बघूया."

"तांबडीच होयी," आई म्हणाली आणि जेवायला बसली.