कपिलेच्या हाती निरोप

मित्रांनो, नाटकातलं नवरा-बायकोचं भांडण आज थेट माझ्या गोठ्यापर्यंत आलं.

दोन दिवसांपासून आमच्या घरी अबोला होता. बायकोला भाचीच्या लग्नाला माहेरी जायचं होतं आणि मी तिला न विचारताच त्याच दिवशी भजनी मंडळाला जेवायला बोलावून बसलो.

आज दुपारी तशा अबोल्यातच आम्ही दोघं सुलतानपूरला नाटक पाहायला गेलो. ती बायकांत बसली, मी पुरुषांत. नाटकातलं म्हातारं जोडपं रुसलेलं होतं आणि बैलामार्फत बोलत होतं.

“सांग रे ढवळ्या तुह्या मालकाले, भाकर थंडी होऊन राह्यली!”

“ढवळ्या, मालकिनीले सांग, ती जेवल्याबिगर मी जेवत नाही!”

मंडप हसून लोळला. गावाकडच्या नाटकात नवरा बहुतेक वेळा हात उगारतो आणि बायको रडते. इथं मात्र रागातही एकमेकांच्या भुकेची काळजी होती. मला तेच खरं वाटलं.

संध्याकाळी मी गाईला चारा टाकत होतो. बायको दारात येऊन गाईला म्हणाली, “कपिले, तुह्या मालकाले सांग, चहा झाला.”

मी हसू दाबून म्हणालो, “कपिलेले काऊन सांगून राह्यली? मले सांग ना.”

“तुम्ही भजनाचं मले सांगतलं होतं काय?”

गोठ्यातूनच मंडळाला फोन लावला आणि जेवण पुढच्या आठवड्यावर नेलं. देव थांबतो, लग्नाचा मुहूर्त थांबत नाही.

तोवर चहा थंड झाला होता. तिनं पुन्हा गरम केला आणि माझ्यासमोर बसूनच प्यायला.

तुमच्याकडे अबोल्यात निरोप कोण पोचवतं?