कोटांच्या खोलीतली अकमारल

मैरामबेकच्या मुलीचं पोट दुखतं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिची आई गुलबर्चिन इस्पितळात नर्स, त्यामुळे तपासायचं काही बाकी राहिलं नव्हतं. रक्त तपासलं, जंताचं औषध झालं, शेजारणीच्या सांगण्यावरून मेंढीच्या शेपटीची चरबी कोमट करून पोटावर चोळली. दुखणं हटेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "पोरगी ठणठणीत आहे. वाढीचं वय आहे, जाईल आपोआप." अकमारल तेव्हा सातवीत होती. डॉक्टर बोलत होते आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. इथून निघायला आणखी उशीर झाला तर कोमुझ या तीन तारांच्या वाद्याचा तास बुडणार होता.

डोंगरातल्या नारिन गावच्या तिच्या शाळेत मुलं मावेनात म्हणून वर्ग दोन पाळ्यांत भरायचे आणि सातवीच्या वाट्याला दुपारची पाळी आली होती. सकाळ मोकळी म्हणून सकाळी काहीतरी घालायचं, आणि शाळा सुटल्यावर संध्याकाळ आहेच म्हणून तिथेही काहीतरी घालायचं, असं करता करता तिचा आठवडा गच्च भरला होता. काही सकाळी संगीतशाळेत कोमुझ, उरलेल्या सकाळी व्हॉलीबॉल. शाळा सुटली की रोझा एजेंचा गणिताचा जादा वर्ग. रोझा एजे तिच्या गणिताच्या बाई. त्यात वसंतातला नोरुझचा सण जवळ आला, तशी सोरोनबाय आगायनी संध्याकाळीही तालीम सुरू केली. आगाय म्हणजे तिचे कोमुझचे गुरुजी. चौकातल्या कार्यक्रमात त्यांची मुलं वाजवणार होती आणि सुरुवात अकमारलने करायची होती.

यातलं एकही तिने मागितलं नव्हतं, आणि एकालाही नाही म्हटलं नव्हतं.

बाप म्हणायचा, "हो म्हण गं! 'मैरामबेक, तुला काय शिकायचंय?' असं मला तुझ्या वयात कुणी विचारलंसुद्धा नाही. सरळ मेंढरांमागे धाडलं. तुला तीनतीन जण बोलावतायत, तर हो म्हणायचं." मैरामबेक नारिनहून राजधानीपर्यंत भाड्याची गाडी चालवायचा. पहाटे निघायचा आणि डोलोनचा घाट दोनदा ओलांडून रात्री परतायचा. गाडीत बसणाऱ्या प्रत्येक उतारूला मुलीचं कौतुक ऐकावंच लागायचं.

गुलबर्चिन वैतागायची. "अहो, पोरगी आहे ती. तुमची टॅक्सी नाही, सगळ्या सीटा भरल्याशिवाय हलायचंच नाही म्हणायला."

"रिकामी सीट घेऊन घाट चढणारा वेडा," मैरामबेक हसत म्हणायचा, आणि विषय तिथेच संपायचा.

गणितात अकमारल खरोखर हुशार होती. रोझा एजे कडक. त्यांच्या वर्गात खोडरबर पडला तरी उचलायला पोरं घाबरायची. पण एका संध्याकाळी त्या खिडकीपाशी उभ्या राहून, तिच्याकडे न बघताच म्हणाल्या होत्या, "इतकी वर्षं शिकवतेय, माझं एकही पोर ऑलिंपियाडला जिल्ह्याच्या पुढे गेलं नाही. तू जाशील." तेव्हापासून त्या खोलीत शिरताना अकमारलच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. सोरोनबाय आगाय स्वभावाने गोड, पण त्यांचे टोमणेही तसेच छातीवर बसायचे. "कोमुझ झोपलंय, का तू? तीनच तारा आहेत पोरी, त्यासुद्धा सांभाळता येईनात?"

राहिला व्हॉलीबॉल. त्यात ती यथातथाच होती. चेंडू आला की डोळे मिटायची. पोरी हसायच्या, तीही हसायची. राखीव खेळाडूंच्या बाकावर तिची जागा ठरलेली होती आणि आठवड्यात तेवढाच वेळ तिचं पोट दुखायचं नाही.

हिवाळा कडक झाला आणि सगळं घसरू लागलं. भूगोलात पाचापैकी तीन मिळाले, मग दोन. इतिहासाच्या तासाला डोळा लागला आणि बाकावर डोकं आपटून जाग आली. वर्ग खो-खो हसला. रात्री अंथरुणात पडली की दुसऱ्या दिवशीचं सगळं डोक्यात रांग लावून उभं राहायचं. समीकरणं, तालमीतली चुकलेली जागा, न वाचलेला धडा. सकाळी उठताना ती आधीच दमलेली असायची.

खोटं बोलायला सुरुवात झाली ती तिच्या नकळत. एका संध्याकाळी रोझा एजेंनी वर्ग लांबवला आणि तालमीला जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आगायना तिने खरं तेच सांगितलं. आगाय म्हणाले, "ऑलिंपियाड आहे ना, मग आधी ते." पुढच्या आठवड्यात रोझा एजेंना म्हणाली, आज तालीम आहे. तेही खरंच होतं. एजेंनी ओठ आवळले, पण सोडलं. ती जिना उतरून खाली आली आणि तालमीकडे पाय वळेनात. अंगात त्राणच नव्हतं.

जिन्याखाली कोटांची खोली होती. पोरं बाहेरचे जाड कोट तिथे टांगून वर्गात जायची. खोलीच्या टोकाला कुणी न नेलेले जुने कोट, नाटकातले झगे, फाटक्या फरच्या टोप्या अशी दाटी, आणि त्यामागे भिंतीलगत गरम पाण्याचा जाड नळ. अकमारल आपला कोट घ्यायला आत गेली, त्या झग्यांच्या मागे जरा टेकली, आणि नळाच्या उबेला तिचा डोळा लागला. उठली तेव्हा कुणी तिला शोधत नव्हतं. रोझा एजेंना वाटत होतं ती आगायकडे आहे, आगायना वाटत होतं ती एजेंकडे, आणि घरी वाटत होतं दोन्हीकडे.

मग ते नेहमीचंच झालं. ती तिथे काही करायची नाही. ना पुस्तक, ना फोन. नुसती बसायची, नाहीतर झोपायची. बाहेर शाळेच्या सफाईवाल्या झुरा आपा लादी पुसत असायच्या, त्यांच्या बादलीचा आवाज जवळ आला की ती हळूच निघून घरी जायची. पण त्या उबेतही जीव थाऱ्यावर नसायचा. एजे आणि आगाय रस्त्यात भेटले तर? आईने फोन केला तर? चौक ओलांडताना लांबून आगायची टोपी दिसली तरी ती उलट्या पावली फिरायची. पोटाचं दुखणं वाढलं. गुलबर्चिनने पुन्हा चरबी गरम केली.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी गुलबर्चिनची पाळी बदलून मिळाली. पोर उपाशीपोटी तालीम करते म्हणून तिने कणकेचे गरमगरम बोरसोक तळले, डबा शालीत गुंडाळला आणि तालमीच्या जागी गेली. सगळ्या मुलांना पुरतील एवढे नेले होते.

"अकमारल?" सोरोनबाय आगाय म्हणाले. "ती कुठली इथे? रोझा एजे सोडतात का तिला! संध्याकाळच्या तालमीला कितीतरी दिवसांत आली नाही."

गुलबर्चिनच्या हातातला डबा तसाच राहिला. फोन लावला तर बंद. ती शाळेकडे पळतच सुटली. आगायही टोपी घालून मागोमाग निघाले. बाहेर अंधारलं होतं, आणि थंडी अशी की नाकातला श्वास गोठत होता.

अकमारलला जाग आली ती आईच्या आवाजाने. आधी वाटलं स्वप्न आहे.

"माझ्याकडे?" रोझा एजेंचा आवाज टिपेला गेला होता. "तुमच्याकडे असते म्हणून तर मी सोडते तिला! सोरोनबाय, नोरुझचं नाच-गाणं झालं नाही तर काय डोंगर कोसळणारेत?"

"मी कधी मागितली हो तुमच्याकडे? उलट मीच तुमच्यासाठी तिला सोडली. तुमच्या त्या ऑलिंपियाडसाठी!"

"अहो, भांडताय काय?" आई ओरडली. तिचा आवाज फाटला होता. "माझी पोरगी कुठे आहे?"

मग झुरा आपांचा आवाज आला, "बाहेर गेली असती तर दारात मला दिसली असती. पण मी मधे कोळसा बघायला मागे गेले होते..."

अकमारल झग्यांच्या मागे गोठून उभी होती. तोंडावर दोन्ही हात दाबलेले. एक पाऊल टाकलं की झालं, हे तिला कळत होतं, आणि नेमकं तेच पाऊल उचलत नव्हतं. बाहेर गेलं तर काय सांगायचं? इतके दिवस कुठे होतीस? काय करत होतीस? झोपत होते? ते सगळे असेच कंटाळून घरी जातील, मग ती मागच्या दाराने निघेल, असा वेडा विचारही तिच्या मनात येऊन गेला. आईचं रडणं ऐकू येत होतं तरी ती हलली नाही.

"पोलिसांना कळवा," आगाय म्हणाले. "नदीकडेसुद्धा कुणी बघायला..." आणि वाक्य अर्धंच सोडलं.

"आधी तिच्या बापाला फोन लावते," आई म्हणाली. "घाटात असेल तो. दुपारपासून बर्फ पडतोय तिथे."

हे ऐकलं मात्र, अकमारल झग्यांची रांग ढकलत बाहेर आली. दोन कोट खाली पडले.

"बाबांना नको! आई, बाबांना फोन नको करू! ते गाडी जोरात हाणतील!"

सगळे तिच्याकडे बघत राहिले. केसांत जुन्या फरचे पुंजके अडकलेले, गालावर नळाच्या उबेचा लाल वळ. गुलबर्चिनच्या हातून फोन निसटला. तिने लेकीला आधी एक फटका मारला, मग असं कवटाळलं की अकमारलला श्वास घेता येईना.

"इथे काय करत होतीस, पोरी?"

"काही नाही," अकमारल हुंदके देत म्हणाली. "खरंच काही नाही. नुसती बसत होते."

रोझा एजेंनी खाली पडलेले कोट उचलून खुंटीला लावले. मग त्या जिना चढून गेल्या. आगायनी टोपी काढली, पुन्हा घातली. गार झालेल्या बोरसोकचा डबा झुरा आपांनीच उघडला आणि म्हणाल्या, "खा काहीतरी. सगळेच खा."

घाटातून गाडी सुखरूप घरी आल्यावरच मैरामबेकला सगळं सांगितलं. त्याने चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "दमलेय म्हणून सांगायचं नाही का गं?"

"कुणाला सांगू?" अकमारल म्हणाली.

काहीतरी सोडायचं ठरलं. काय ते तिनेच ठरवायचं होतं, आणि तेच तिला सगळ्यात अवघड गेलं. मोठ्या माणसांच्या मते यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. ज्यात पोरगी बाकावर बसते तो व्हॉलीबॉल सोडायचा. अकमारल ऐकून घ्यायची आणि तिला जेवण जायचं नाही. शेवटी एका सकाळी कणीक मळणाऱ्या आईच्या पाठीमागे उभी राहून ती म्हणाली, "मला ऑलिंपियाड नको."

गुलबर्चिनचे हात थांबले. "रोझा एजेंना कोण सांगणार? मी येते."

"तू खाली थांब. मी सांगते."

शाळेचा जिना चढताना ती दोनदा थांबली. रोझा एजे वह्या तपासत होत्या. तिने सांगितलं, पाठ केलेलं सगळं विसरून, अडखळत. एजेंनी मान वर केली नाही. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "जाताना दार लावून घे."

त्यानंतर कित्येक आठवडे एजेंनी तिला फळ्यापाशी बोलावलं नाही. ती हात वर करायची, एजेंची नजर तिच्यावरून पुढे जायची. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. ऑलिंपियाडला तिच्या जागी वर्गातला अदिलेत गेला आणि हात हलवत परत आला. त्या दिवशी अकमारलला वाटलं, ही हार आपल्यामुळेच. मैरामबेक तिला काही बोलला नाही, पण गाडीत आता तो उतारूंना हवापाण्याच्या गोष्टी सांगतो, असं कुणीतरी घरी येऊन सांगितलं.

नोरुझला चौकात बोचरा वारा होता. थंडीने तारा उतरत होत्या आणि आगाय प्रत्येकाचं कोमुझ कानाशी धरून पुन्हा पुन्हा लावत होते. अकमारलने सुरुवात केली, मधे एक जागा चुकली, आगायच्या भुवया वर गेल्या. पण बोटं थांबली नाहीत. भूगोलाचे गुण तीनावर आले, मग एकदा चारावर. पोट अजून दुखायचं, फक्त परीक्षेच्या सकाळी.

मे महिन्यात शाळा सुटायच्या बेताला रोझा एजेंनी तिला जिन्यात अडवलं.

"मी तुला तेव्हा विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "सरळ सांगून टाकलं होतं. पुढच्या वर्षी आठवड्यातून एक संध्याकाळ येऊन बसायचं असेल तर बस. परीक्षेचं नाव काढणार नाही."

"विचार करून सांगू, एजे?"

"सांग. सप्टेंबर लांब आहे." आणि त्या उतरून गेल्या.

आठवीत ती आठवड्यातून एक संध्याकाळ जाऊन बसली. नववीत तिने स्वतःहून ऑलिंपियाडला नाव दिलं. परीक्षेच्या दिवशी मैरामबेकने भाडं घेतलं नाही. शाळेबाहेर गाडी लावून, इंजिन चालू ठेवून तो बसून राहिला. निकाल भिंतीवर लागला तशी ती बाहेर आली.

"कितवी?" त्याने काच खाली करून विचारलं.

"मधे कुठेतरी."

"म्हणजे तुझ्या खालीही पोरं आहेत ना?"

"आहेत."

"मग बस गाडीत. सकाळपासून पोटात काही नाही माझ्या."