मास्तरांनी घेतलेलं माप

"इंजेक्शन एकही चुकलं नाही, तरी रिपोर्टातला आकडा वाढलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मालक, माझे घरधनी, खुर्चीवरून उठले. "चल घरी. दवाखाना बंद." मी पिशवी उचलली नाही. उचलली असती तर ते सरळ भोकरच्या एसटीत जाऊन बसले असते.

मालकांना प्रोस्टेटचा कॅन्सर. शेजारी बसलेल्या टेलरमास्तरांनाही तोच. भोकरच्या बाजारात त्यांचं दुकान. तपासणीला आम्ही तिघं मिळून नांदेडला यायचो. मास्तरांच्या गळ्यात दवाखान्यातही टेप असायचा. नर्सला म्हणायचे, "बेटी, तुझा डावा खांदा उतरलाय. हा कोट शिवला कुणी?" बायकांचे कपडे त्यांना स्वतःला कधी जमले नाहीत. माझं एक पोलकं बिघडवलं, ते शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

बाईंनी मालकांना परत बसवलं. इंजेक्शनानं पुरुषी हार्मोन बंद झालं, म्हणाल्या. पण पेशीत एक प्रथिन असतं. हार्मोनचा निरोप आला की ते जनुकांपाशी जातं आणि वाढीचं काम सुरू करून देतं. आता ते निरोपाची वाटच बघत नाही.

मला काही कळलं नाही. मास्तर मालकांकडं बघून हसले. "पाटील, सीधी बात हाय. गिऱ्हाईक आपण बंद केलं. पण आतला कटर कारागीर बिना मापाचं कापड कापून राहिला."

"तसंच," बाई म्हणाल्या. "आता गोळी त्या कटरचाच हात धरेल."

"मी न्हाई घेत," मालक म्हणाले.

मास्तरांनी वाद घातला नाही. टेप काढून तिथंच मालकांची छाती मोजली आणि वहीत लिहिली. त्यांचा नेम होता, माप घेतलं की सदरा शिवायचाच, आणि शिवणीत दोन बोटं कापड जास्त ठेवायचं.

"मढ्याला कशाला सदरा?"

"मढ्याचं माप मी घेत नसतो. भाभी, गोळी चारा यांना."

मालक हसले. कित्येक महिन्यांनी. गोळी त्या दिवशीच सुरू झाली.

पुढं मालक अंगानं एवढे भरले, की सदरा दोनदा उसवून सैल करावा लागला. दुसऱ्या वेळी मास्तरांनी सुई ओवायला माझ्याकडं दिली. त्यांनाही तीच गोळी दिली होती, पण लागू पडेना. त्यांच्या गाठीत आता दुसरीच प्रथिनं काम सांगतात, असं बाई म्हणाल्या होत्या.

"आपल्या दुकानात कटर लई, भाभी," मास्तर म्हणाले आणि दातानं धागा तोडला.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मास्तर गेले. मालक आहेत. आज सकाळी तोच सदरा घालून रानात गेलेत.